पावाच्या रिक्षेची धून

“प्रश्न सत्ताविसावा,” डॉक्टर इशारा म्हणाल्या. “श्वसनाच्या आजाराची साथ आली, गाव बंद करावं लागलं, तर घरोघर औषधं कोण पोचवणार?”

“योजनेत लिहिलंय की, मिस. कचेरीची गाडी.”

“आणि गाडी?”

विमलदासनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. फणसाखाली गाडी चार विटांवर उभी होती. टपावर कोंबडी बसली होती.

डॉक्टरबाई कोलंबोहून आल्या होत्या. गावोगावच्या साथ-योजना तपासून त्यांना गुण देत होत्या. विमलदास इथला आरोग्य निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यानं विहिरी तपासल्या, बेकऱ्या तपासल्या, पावात अळी निघाली की पाववाल्याचं पूर्ण नाव विचारून खटले लिहिले. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. त्याआधी एकच गोष्ट त्याला कागदावर चढलेली बघायची होती.

“मागच्या साथीत औषधं पाववाल्यानं पोचवली, मिस. संचारबंदीत दवाखाना बंद, त्याची एकट्याची रिक्षा फिरायची. सकाळी मी पुड्या त्याच्या हवाली करायचो. कुणाला दमा, कुणाला साखर, सगळं त्याला तोंडपाठ. रिक्षेच्या भोंग्यावरची धून वाजली की बायका फाटकावर यायच्या, दवाखान्याची वही दाखवून पावाबरोबर गोळ्या घ्यायच्या, शेजारी कोण खोकतंय तेही सांगायच्या. दिवस वाईट होते हो. पण एकमेकांची इतकी विचारपूस आम्ही पुन्हा केली नाही. आठवण येते त्या दिवसांची.”

“पाववाल्याला गुण कसे देऊ? उद्या त्यानं काम सोडलं तर?”

“गाडीनं तर कधीच सोडलंय.”

बाईंना हसू आलं, पण पेन्सिल हलली नाही.

तेवढ्यात रस्त्यावर तीच धून वाजली. समोरची म्हातारी लगबगीनं फाटकावर आली. एका हातात पावासाठी ताटली, दुसऱ्या हातात दवाखान्याची वही.

“आच्ची, वही कशाला आणलीस? दवाखाना पुन्हा उघडून वर्षं झाली!” पाववाला म्हणाला.

“मेली सवय!” म्हातारी ओशाळली आणि वही मागे लपवू लागली.

त्यानं ती घेतलीच. पानं उलटली. “गोळ्या परवा संपतायत तुझ्या. उद्या शहरात चाललोय, आणतो.”

बाई खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. मग टेबलाशी येऊन त्यांनी सत्ताविसाव्या ओळीतली गाडी खोडली.

“सांगा त्याचं नाव. पूर्ण सांगा.”

विमलदासला ते ठाऊकच नव्हतं. कुठल्या घरात कुणाला धाप लागते ते त्यानं झोपेतही सांगितलं असतं. या माणसाला मात्र तो आजवर नुसतं ‘मल्ली’ म्हणत आला होता, धाकट्या भावाला म्हणतात तसं; आणि तो याला ‘महात्तया’, म्हणजे साहेब. त्याला मनापासून लाज वाटली. तो तसाच फाटकाकडे धावला.

“मल्ली, थांब! तुझं पूर्ण नाव काय रे?”

पाववाल्यानं धून बंद केली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“का, महात्तया?” तो हळूच म्हणाला. “पावात काही निघालं का?”