पाहुण्यांचं बटण

"आणि हे बटण कशाला?" साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"पाहुण्यांसाठी," ती म्हणाली.

पडद्यावर कॅलेंडर ॲपचं नवं पान होतं. ठरलेल्या कार्यक्रमात बदल करायचा तो इथून. वर कार्यक्रमाचं नाव, खाली दिवस आणि वेळ, त्याखाली आयोजक, मग पाहुणे. ज्यानं कार्यक्रम ठरवला तो आयोजक. त्यानं ज्यांना बोलावलं ते पाहुणे. वेळ बदलायचा हक्क फक्त आयोजकाला. पाहुण्यांच्या वाट्याला सगळ्यात खाली एक लहानसं बटण होतं: 'बदल सुचवा'. हे पान तिनंच आखलं होतं. साहेबांच्या सांगण्यावरून तिनं रंगांचा हट्ट सोडला होता, अक्षरांच्या आकाराचाही सोडला होता. हे बटण मात्र ती धरून बसली होती.

"आयोजकानं वेळ बदलली आणि पाहुण्याला ती जमत नसेल, तर त्यानं काय करायचं?"

"फोन करायचा."

"समोरच्यानं उचललाच नाही तर?"

"अहो मॅडम, वाढदिवसाला बोलावलेला माणूस 'केक मंगळवारी कापा' म्हणून सांगतो का?"

कोपऱ्यात बसलेला प्रोग्रॅमर फिसकन हसला. ऑफिसात त्याला सगळे 'होईल-बघू' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच असे.

"काय रे, बटण ठेवलं तर चालेल?" साहेबांनी त्याला विचारलं.

"होईल. बघू. पण सगळं पुन्हा तपासावं लागेल. म्हणजे उद्या यावं लागेल सगळ्यांना."

उद्या शनिवार.

शनिवारी चार वाजता ठकू. ठकूच्या सायकलला मागे आधाराची दोन छोटी चाकं होती, ती या शनिवारी काढायची असं कधीचं ठरलं होतं. त्यासाठी घेतलेला पाना सोमवारपासून तिच्या पर्समध्ये खुळखुळत होता. नवे बूटही आणले होते, अंदाजानं एक नंबर मोठे. या वयाची पोरं कधी वाढतील, नेम नसतो.

"उद्या मला नाही जमणार, सर. चारला मुलीकडे पोचायलाच हवं."

"आम्हालाही घरं आहेत हो," साहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमच्याच हातात आहे सगळं. बटण काढा. संध्याकाळी हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर नवं ॲप चढवेल, आणि उद्या तुम्ही खुशाल मुलीजवळ बसा."

तिनं होईल-बघूकडे पाहिलं. तो नखं पाहण्यात गढून गेला होता.

तिनं बटण निवडलं आणि पुसून टाकलं. रिकामी जागा आपोआप मिटली.

"बघा! किती मोकळं झालं पान!" साहेब म्हणाले.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखा फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"जेवतेय ती. थांबा हं, देते."

सासूबाई हल्ली तिला अहोजाहो करत. त्यांच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नसे.

"आई, बाबा म्हणाले चाकं तेच काढणारेत!"

"नको, नको. मी येतेय ना उद्या? पाना घेऊन येतेय."

"पाना म्हणजे?"

"चाकाचा कान पिळायचं यंत्र."

ठकू खिदळली. मग एकदम गंभीर झाली. "आणि मी पडले तर?"

"मी मागून धरेन ना तुला."

"सोडायचं नाही हं."

"नाही सोडणार."

मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि फोन बंद झाला.

शनिवारी ती जरा लवकरच बसमध्ये बसली. बुटांची पिशवी मांडीवर, पर्स पोटाशी. नाक्यावर बस तटून राहिली तेव्हा फोन थरथरला. 'कार्यक्रमाची वेळ बदलली आहे. ही आणि यापुढच्या सगळ्या.'

तिचं डोकं सणकलं. तिनं होईल-बघूला फोन लावला.

"तुम्ही माझ्या कॅलेंडरवर चाचण्या करताय का?"

"मी? मी झोपलोय."

"मग शनिवारची नोंद हलली कशी?"

"हलली नसेल, हलवली असेल कुणीतरी." त्यानं जांभई दिली. "नीट बघा ना. तुम्हीच तर केलंय ते पान."

तिनं पान उघडलं. मंगळवार, सकाळी अकरा. दर मंगळवारी. त्या वेळी ती ऑफिसात असते आणि ठकू शाळेत.

तिनं सासूबाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. शेजारच्या बाईनं एकदा तिच्याकडे, एकदा पिशवीतल्या बुटांकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली, जणू त्यानं काही होणार होतं.

तिनं पडद्यावरच्या वेळेवर बोट दाबलं. काही हललं नाही. दिवसावर दाबलं. हललं नाही. बोट सवयीनं पानाच्या तळाशी गेलं. तिथं पान छान मोकळं होतं.

वर लिहिलं होतं:

कार्यक्रम: ठकूची भेट, दोन तास.
आयोजक: ठकूचे बाबा.
पाहुणे: ठकूची आई.