वडलांचा करदोडा

रेणुकामायची आण, शब्द न् शब्द खरा हाय: लातूरच्या हणमंतचं पोट म्होरच्या ऑटोत बसायचं आन् तो मागच्या ऑटोनं यायचा. रोज पहाटे चालून चालून गडी वजनानं उतरला. डॉक्टर म्हणाले, "वजन नॉर्मल." गल्लीनं पेढे खाल्ले, विषय संपला. पण पोट थोडं उरलंच. वडलांचा चांदीचा करदोडा कमरेला बसला तरच उतरलो म्हणायचं, असं हणमंतनं ठरवलेलं. करदोड्याचा आकडा कडीपासून दोन बोटं लांबच अडलेला. "आता कुणाला दाखवायचंय? वाळून चाललाव की!" बायको सरोजिनी कुरकुरायची. तरी तो पहाटे चालायला निघायचाच. एक दिवस आकडा खटकन बसला. हणमंतचे डोळे भरले. मग बोटांना दोन नव्याकोऱ्या कड्या लागल्या. "सोनाराकडून वाढवून आणला," सरोजिनी लाडानं म्हणाली, "चालण्यातून सुटलाव बघा!" हणमंतनं बूट माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी काढून परत चालायला गेला, हे तेवढं म्या पदरचं घातलं.