साडेबाराचा चढ

साडेबाराला पाच मिनिटं कमी होती आणि मेंढरं हलायचं नाव घेत नव्हती. शिवकन्या दगडावर उभी राहून एकदा घड्याळाकडं, एकदा कळपाकडं पाहत होती. लिंबाच्या सावलीत ऐंशी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून निवांत उभी होती.

“चला की गं बयांनो,” ती पुटपुटली. सोमवारी पुण्यात विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहायचं होतं आणि तिची पीएचडी या ऐंशी जणींच्या मर्जीवर अडली होती.

विषयाचं नाव भारदस्त होतं: गुंतागुंतीच्या व्यवस्थांमधील माहितीची प्रक्रिया. आईला तिनं ते सोपं करून सांगितलं होतं. कळपाला कुणी मुकादम नसतो. एक मेंढी शेजारणीकडं बघून वळते, तिच्याकडं बघून तिसरी. असा निरोप सरकत सरकत सगळ्या कळपाला पोचतो. तो पहिल्यांदा निघतो कुठून, एवढंच शोधायचं. बानूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग म्या काय करू?”

“काहीच नको. हाक मारायची नाही, काठी उगारायची नाही. त्यांना त्यांच्या मनानं जाऊ दे.”

वडिलांचा, बिराप्पाचा, गुडघा गेल्यापासून मेंढरं बानूबाईच राखत होती. शिवकन्यानं चोवीस मेंढ्यांच्या, आघाडीच्या शेळीच्या, इतकंच काय कुत्र्याच्याही गळ्यात नोंद ठेवणारे पट्टे बांधले. महिन्याकाठी पुण्याहून यायचं, येरमाळ्याला एसटीतून उतरायचं, डोंगर तुडवत कळपापर्यंत पोचायचं आणि नोंदी उतरवून न्यायच्या. चार महिन्यांत सगळं गणिताबरहुकूम जुळलं, एक गोष्ट सोडून. साडेबाराच्या ठोक्याला कळप सावली सोडून समोरच्या बोडक्या टेकडीवर चढायचा. तिथं वाळल्या कुसळाखेरीज काही नाही. अर्धा तास उन्हात थांबायचा आणि परत उतरायचा. धनगराच्या घरात वाढलेल्या पोरीला एवढं नक्की ठाऊक होतं, की शहाणी मेंढी असलं काही करत नाही. वेडी मेंढीसुद्धा नाही.

एकशे सतरा दिवसांपैकी एकशे तीन दिवस हा चढ. उरलेले चौदा दिवस शिवकन्या स्वतः इथं होती, आणि त्या चौदाही दिवस कळपानं टेकडीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, तुमच्या असण्यानं कळप बिथरतो, लांबून बघा. म्हणून मागच्या खेपेला ती बाभळीमागं लपून बसली. तासाभरात बानूबाई भाकरी घेऊन तिथंच हजर. “काट्यात कशाला बसलीस गं?”

मग सर म्हणाले, कारण सापडत नसेल तर तो भाग गाळा. तिला झोप लागेना. जे कळप आपल्या मनानं करतो म्हणून ती चार महिने लिहीत होती, त्यातलं हेच एक तिला कळत नव्हतं. ते गाळून बाकीचं खरं आहे असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

साडेबारा वाजले. मेंढरं ढिम्म. शेजारी बसलेल्या बानूबाईचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडं गेला, मध्येच थांबला, आणि ती स्वतःशीच हसली. मग भाकरीचं फडकं सोडू लागली.

त्या हसण्यानं शिवकन्याचा पारा चढला. “चार महिने पाण्यात गेले, आई! तू रोज यांच्यासंगं असतेस. तुला कधी दिसलंच नाही का, वर जाताना पहिली कोण वळते ते?”

बानूबाईनं भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही. “म्या हाक न्हाय मारली,” ती हळूच म्हणाली. “काठीबी न्हाय उगारली. तुझी आण.”

“मी तसं कुठं म्हटलं?”

“म्या नुसती चालले. त्या मागनं आल्या.”

शिवकन्या होती तिथंच खाली बसली. शेळीला पट्टा होता, कुत्र्याला पट्टा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! “तू? रोज? मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या अभ्यासात म्या खोडा घातला म्हणशील, म्हणून भ्याले.”

“पण भर उन्हात त्या टेकडीवर आहे तरी काय?”

“रेंज.” बानूबाईनं पिशवीतून बटणांचा फोन काढून तिच्या पुढ्यात ठेवला. “हितं खाली एक दांडीबी येत न्हाय. जाताना तूच म्हणली व्हतीस, जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला फोन करीन. तू हितं असल्यावं मग कशाला चढायचं?”

शिवकन्याचं डोकं सवयीनं मोजू लागलं. एकशे तीन चढ. पहिला आठवडाभर तिनं रोज फोन केला होता. मग काम वाढलं. जेवणाच्या सुट्टीत ती याच मेंढरांच्या नोंदी उलगडत बसायची, ती टेकडीवर का चढतात ते शोधत. नंतरचे फोन तीन असतील, फार तर चार. तिला आईकडं बघवेना.

“आई, मी कुठं रोज करत होते फोन?”

“न्हाय की,” बानूबाई म्हणाली. “पर ज्या दिशी करशील, त्या दिशी म्या खाली असले तर?”