आई उजळणी घेते

डॉक्टर लेक नोकरी सांभाळून वैद्यकीय नीतिशास्त्रात एम.ए. करत होती. उजळणी आईच घ्यायची, अगदी शाळेत घ्यायची तशी. पुस्तक मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि जरा अडखळलं की, "पुन्हा म्हण."

कालचा धडा होता, रुग्णापासून त्याचा आजार लपवू नये. लेकीने तो घडाघडा म्हणून दाखवला होता.

आज ती आईचे रिपोर्ट घेऊन घरी आली. आई पुस्तक उघडून बसलीच होती.

"काय आलंय गं?"

"काही नाही, आई. साधी गाठ आहे. गोळ्यांनी जाईल." वाकून चप्पल काढताना तिने वर पाहिलंच नाही.

आईने चष्मा काढला. पुस्तक मिटलं.

"बरं. परीक्षेत मात्र असं लिहू नकोस हं, बाळा."