जांभळ्या शाईचं मत

१

सहाव्या फेरीअखेर फिंटन हेनेगन धाकट्या भावापेक्षा, डेक्लनपेक्षा, एका मतानं मागे होता. काउंटी कौन्सिलची एक जागा उरली होती, उमेदवार तीन, फिंटन तिसरा. जो शेवटी तो बाद. त्याच्या मतपत्रिका, मतदारानं आकडा घालून दिलेल्या पुढच्या पसंतीप्रमाणे, उरलेल्या दोघांत वाटायच्या.

"रद्द केलेल्या पत्रिका पुन्हा बघायच्यात मला," फिंटन म्हणाला.

शाळेच्या व्यायामशाळेत कठड्याला टेकून सकाळपासून आकडेमोड करणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, "फिंटन, कुत्र्याला तरी न्यायचंस रे मत द्यायला!"

२

रद्द पत्रिका अकरा. दोन कोऱ्या. एकीवर शिवी, सुवाच्य अक्षरात.

नववी जांभळी. दोरीला बांधलेल्या सरकारी पेन्सिलीवर आईचा विश्वास नव्हता. ती स्वतःचा बिंगोचा मार्कर घेऊन गेली होती.

हेनेगन, डेक्लन: 1
हेनेगन, फिंटन: 1

खाली सहा नावं. कोरी.

"पहिली पसंती दोघांना. म्हणून रद्द," निवडणूक अधिकारी बाई म्हणाल्या.

३

मार्चपासून भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. आता डोक्याला डोकं लागेल इतके वाकले होते.

आई एकच्या आकड्याच्या डोक्यावर टोपी काढायची, कॉन्व्हेंटमध्ये जोगिणींकडे शिकलेली. फिंटनपुढची टोपी पुसट होती. डेक्लनपुढची ठसठशीत.

"डेक्लनपुढचा हा सात आहे," फिंटन म्हणाला.

बाईंनी डेक्लनकडे पाहिलं. "तुमची हरकत?"

डेक्लननं भावाकडे पाहिलं. "आईनं मला सातवा केला म्हणतोस?"

"सात आहे तो."

"मग असेल सात."

पत्रिका फिंटनच्या गठ्ठ्यात गेली, दोघा भावांची मतं सारखी झाली. अशा वेळी पहिल्या फेरीत ज्याची जास्त तो तरतो. ती फिंटनची होती. डेक्लन बाद.

त्याच्या पत्रिका टेबलावर ओतल्या. गठ्ठ्यामागून गठ्ठा उलगडत गेला, आणि प्रत्येकात दोनचा आकडा फिंटनपुढे.

"काय रे हे?" फिंटननं कठड्यापलीकडच्या माणसाला विचारलं.

"दारोदार सांगत फिरला ना तो. मला एक द्या, माझ्या भावाला दोन." माणसानं पेन्सिल कानावर ठेवली. "तुला ठाऊक नव्हतं?"

१

फिंटनला खांद्यावर उचललं तेव्हा खिशातला फोन वाजत होता.

"रेडिओवर ऐकलं रे," आई म्हणाली. "माझं मत लागलं का?"

वरून त्याला दार दिसत होतं. डेक्लन कोटाची बाही शोधत होता, सापडत नव्हती. तो तसाच बाहेर पडला.

"लागलं, आई."

"दोघांनाही ना?"