शिंगराची पारख

सेरमाने तंबूच्या दारातून खारट चहाची पहिली पळी आकाशाकडे उडवली आणि मग वाडगा नवऱ्यापुढे ठेवला. गोम्बो नुकताच शिंगराला चाचपून आला होता. दुपारी शेजारच्या खोऱ्यातला लुव्सान ते पैदाशीसाठी नेणार होता.

“उतरलंय का दुसरं अंड?”

“नाही, पोटातच राहिलंय. मग मी त्याच्या बापालाही चाचपलं. त्याचंही एकच. दोष तिथूनच आलाय.”

“आपल्या करड्याचं? इतकी वर्षं तुम्हाला कळलं नाही?”

“शर्यती जिंकत होता. मी नुसते पाय बघत राहिलो.”

“मग आता तोंड मिटून बसा. लोक तुमच्या शब्दावर घोड्या घेऊन आले. अख्खं खोरं त्याच्या पोरांवर बसून हिंडतंय.”

“म्हणूनच तर,” गोम्बो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

पैदाशीच्या घोड्याच्या आयाळीला आमच्याकडे कात्री लागत नाही. लागते ती खच्ची केलेल्याच्या. करड्याची आयाळ गुडघ्यांपर्यंत आली होती. गोम्बोने त्याला खुंट्याला बांधलं, मानेवरून एकदा हात फिरवला आणि आयाळ मुळापासून कापली. खिंड उतरतानाच लुव्सानला ती उघडी मान दिसणार होती, आणि त्याच्यामागोमाग साऱ्या मुलखाला.