धुतलेलं इंजिन

प्रेमराजने जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. इंजिन नव्यासारखं लख्ख होतं. त्याने गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. तेलाचा एक थेंब पडला नाही.

"नाना, इंजिन कशाला धुतलं?"

"पोळ्याला बैल धुतो, तशी दरसाल गाडीबी घरीच धुतो भाऊ," अभिमननाना म्हणाले. "दुसऱ्याच्या दारी मळकी कशी पाठवायची?"

प्रेमराजला ते काही पटेना. सौदा मोडून तो चोपड्याहून तसाच अमळनेरला घरी परतला.

"गळती लपवायलाच इंजिन धुतात लोक," बूट काढता काढता तो बायकोला म्हणाला. "मला माहीत नाही का?"

दिपमालाने मोरीतला तेलाने काळा झालेला ब्रश आणून त्याच्यासमोर धरला.

"मग हा टाकून देऊ आता? आपली गळकी गाडी तर खपली परवा."